डब्यांची राखण

माझ्याबरोबर प्रवासाला येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक म्हणजे थांबणं, आणि दुसरी म्हणजे आपण थांबलोय हे चेहऱ्यावर न दाखवणं. अशी माणसं मला चौपन्न वर्षांत दोनच मिळाली. एक माझी आई, ती गेली. दुसरी मैत्रीण, तिला आता नातवंडं आहेत आणि गुडघे तिचेही बोलायला लागलेत. तेव्हा गेली सहा वर्षं मी एकटीच जाते. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, हातात कुबडी, पाठीवर पिशवी, अशी आमची स्वारी चिपळूणहून निघते. तिथल्या वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते आणि थंडीत आठवड्याची रजा काढते.

या खेपेला छत्रपती संभाजीनगर ठरवलं होतं. वेरूळ बघायचं होतं. ते राहूनच गेलं, आणि का राहिलं त्याचीच ही हकीकत आहे.

शहर

स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचलून मागं ठेवली, कुबडी नीट आडवी लावली आणि आरशातून विचारलं, "अकेलेच आये क्या अम्मा?"

"हो."

"घर के लोगां?"

"नाहीत कुणी."

त्यानं एक चौक जाऊ दिला. मग म्हणाला, "पाँव कू क्या हुआ?"

मी सांगितलं. त्यावर त्यानं हर्सूलच्या बाजूला बसणाऱ्या एका हकिमाचा पत्ता दिला. त्याच्या तेलानं रिक्षावाल्याच्या मामूचा खांदा म्हणे आठ दिवसांत फिरायला लागला होता. माझा पाय पन्नास वर्षं फिरलेला नाही, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "तेल भी पुराना है अम्मा."

लॉजच्या मॅनेजरनं तेच विचारलं. चहाच्या टपरीवर विचारलं. दुपारी औषधाच्या दुकानात एका अनोळखी बाईनं विचारलं, आणि वर "माय, लई सोसलं गं तू" असं म्हणून गालावरून हात फिरवला. आमच्या कोकणात असं तोंडावर कुणी विचारत नाही. आमच्याकडं माणसं पायाकडं बघतच नाहीत असं दाखवतात, आणि मी वळणावरून दिसेनाशी झाले की माझा सगळा इतिहास एकमेकांना सांगतात. कुठली पद्धत बरी, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. इथल्या पद्धतीत निदान उत्तर द्यायला मी हजर असते.

संध्याकाळी शहागंजकडं नान-खलिया खायला गेले. तळहाताहून मोठा, मऊ, पिवळसर नान आणि पातळ लाल रश्शातलं मटण. आमच्या मटणाला नारळ नसला तर ते ओळख देत नाही. इथं नारळाचं नाव नव्हतं आणि कशाचं काही अडलं नव्हतं. अर्धं जेवण झालं असेल, तेवढ्यात वाढणारा पोऱ्या आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, "कोई आनेवाला है?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यानं ती खुर्ची उचलून शेजारच्या मोठ्या कुटुंबाला दिली. त्याचं काही चुकलं नाही. गर्दीची वेळ होती. पण समोर खुर्चीसुद्धा नसली की माणसाला घास मोठे घ्यावे लागतात, आणि मी तसे घेऊन उठले.

दौलताबाद

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं दौलताबादला उतरले. ऊन कोवळं होतं. किल्ला समोर उभा होता, खालून उभा तासून काढलेला डोंगर आणि भोवती खंदक. शत्रूनं आणि माझ्यासारखीनं वर येऊ नये याची बांधणाऱ्यानं पुरेपूर काळजी घेतलेली. माझा बेत लहान होता. आत शिरायचं, चाँद मिनारापर्यंत जायचं, थोडं बसायचं आणि परत यायचं. किल्ल्यावर जायचं म्हणजे टोकालाच जायचं, नाहीतर पायथ्याशी बसायचं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मधे केवढा तरी किल्ला असतो.

दरवाजाबाहेर पेरू, बोरं आणि ओले हरभरे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडं चिंचेखाली डब्यांच्या पिशव्यांचा हा ढीग, आणि ढिगाशेजारी ताडपत्रीच्या तुकड्यावर बारा वर्षांची एक मुलगी. निळा गणवेश, वर लाल स्वेटर, दोन घट्ट वेण्या, हातात हिरवी काठी. पाय पुढं पसरलेले आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले. बाजूला चार पायांचा वॉकर उभा होता. कुठल्याशा शाळेची सहल वर गेली आहे, हे सांगायला नको होतं.

मला तिकीट काढायचं होतं. रांगेत पाठीवर ओझं घेऊन उभं राहिलं की कॅलिपरचा पट्टा मांडीत रुततो. मी सरळ त्या ढिगाशी गेले, पिशवी उतरवली आणि म्हटलं, "बाळ, जरा बघशील का? तिकीट काढून येते."

"ठिवा," ती म्हणाली. "पण पाण्याची बाटली आत घाला. वानरं बाटली आधी नेत्यात."

मी बाटली आत घातली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं पाच-सहा माणसं होती. दोन पुढं सरकली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण आत्ता काय केलं ते.

मी सातवीत असताना आमची सहल रायगडाला गेली होती. मला पाचाडला एका ओट्यावर बसवलं होतं, अडतीस पिशव्यांबरोबर. बाई म्हणाल्या होत्या, "तू आमची खजिनदार हो." सगळे हसले, मीही हसले. दुपारी उतरून आले तेव्हा सगळे उन्हानं लाल झाले होते आणि अर्धी अर्धी वाक्यं बोलत होते, कारण उरलेली अर्धी एकमेकांना ठाऊक होती. मला म्हणाले, मजा आली. मी प्रत्येकाला त्याची पिशवी बरोबर काढून दिली. पुढं किती वर्षं ती गोष्ट मी लोकांना हसत हसत सांगितली. आणि आज त्या दरवाजाशी शंभर माणसं होती, तर पिशवी कुणाकडं ठेवायची हे मला एका नजरेत कळलं होतं. मला लाज वाटली. तिकीट हातात येईपर्यंत आणि नंतरही वाटत राहिली.

परत आले ती तिच्या शेजारीच बसले. तिचं नाव मी इथं रोहिणी लिहिते. खरं वेगळं आहे. गावाचंही नाव लिहीत नाही. वैजापूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, एवढं पुरे.

"वर का नाही गेलीस?" मी विचारलं. असले मूर्ख प्रश्न मला लोक विचारतात तेव्हा मी चिडते.

तिनं आधी माझ्या कॅलिपरकडं बघितलं. "तुमी चाललात का?"

"मिनारापर्यंत."

"कशा जाणार?"

"हळूहळू."

यावर तिनं विचार केला. मग तिनं आपली माहिती दिली. जन्मल्यापासून पाय असेच, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला वैजापूरला जायचं, हायस्कुलात, एसटीनं. वर्गातल्या सगळ्यांचं ठरलेलं आहे. "माझं ठरायचंय," ती म्हणाली. "सर म्हणले, सहलीत दिवसभर घराबाहेर राहून दाखव. तुझ्यावर डब्यांची जबाबदारी. नीट केलीस तर वैजापूरचं बघू. नायतर मग घरीच शिकायचं. महिन्यातनं दोनदा एक मॅडम येत्यात घरी."

"तुला काय पाहिजे?"

"वैजापूर," ती म्हणाली, कंडक्टरला सांगावं तसं.

आणि राखण ती मन लावून करत होती, यात शंका नाही. कुठली पिशवी कुणाची, कुणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे, कुणाच्या आईनं लाडू दिलेत, कुणी काल रात्रीचीच भाकरी आणलीय, सगळं तिला पाठ होतं. वानरं भिंतीवर काळी तोंडं करून ओळीनं बसली होती. एक जरा पुढं सरकलं की ती काठी आपटायची आणि ते मागं जायचं.

"हितून मिनार अर्धाच दिसतोय," ती मधेच म्हणाली. "सर फोटो काढून आणणार हायेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चल."

लगेच माझी नजर डब्यांवर गेली आणि मी जीभ चावली. "नको, राहू दे. तुझं काम आहे. मीच मूर्खासारखी बोलले."

तिनं मिनाराकडं बघितलं, वानरांकडं बघितलं. मग पेरूवालीला हाक मारली. "ओ मावशी, पंधरा मिंटं बघता का डबे?"

"जा की माय," पेरूवाली म्हणाली. "मी काय कुठं पळून चाललेय?"

रोहिणीनं काठी तिच्या हातात दिली, वॉकर धरून स्वतःला उभं केलं आणि मला म्हणाली, "चला."

तर आम्ही आत गेलो. आम्हा दोघींत मिळून धड पाय एकच होता, तो माझा उजवा. वॉकरचे पाय दगडांच्या फटीत अडकायचे, ती थांबून ते सोडवायची, मग मी थांबायची. कुणी कुणाची वाट बघतंय असं वाटायचं नाही, कारण दोघींचंही तेच चाललं होतं. पायऱ्या आल्या की ती खाली बसायची आणि बसल्या बसल्या, पाठमोरी, एकेक चढायची. वॉकर मी कुबडीत अडकवून वर ओढायची. एका भल्या गृहस्थानं "उचलून घेऊ का?" विचारलं. ती "नको" म्हणाली. दुसऱ्यानं मोबाईल समोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, जरा इकडं बघा, लोकांना प्रेरणा मिळंल." मी म्हटलं, "दादा, आधी लोकांना वाट मिळू द्या." रोहिणी इतकी हसली की तिला पायरीवर टेकावं लागलं.

मिनारापाशी पोचलो. तो आतून बंद असतो. तिनं वॉकर सोडून दोन्ही हात त्याच्या दगडाला लावले आणि मान मागं टाकून टोकाकडं बघत राहिली. मी तिच्या पाठीशी उभी राहिले, तोल गेला तर असावं म्हणून, जरी माझ्यावर कुणी पडलं तर आम्ही दोघी पडणार हे उघड होतं. बराच वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, "लई गार हाय." एवढंच बोलली. मी हत्तीहौद दाखवला, तोफा दाखवल्या. मला फार बरं वाटत होतं. किती वर्षांनी कुणाबरोबर तरी काहीतरी बघत होते.

पंधरा मिनिटांचा तास झाला होता, ते आम्हाला उतरताना कळलं. पेरूवालीचा आवाज दरवाजातूनच ऐकू आला. दोन मोटारी भरून गिऱ्हाईक आलं होतं. ती तराजूकडं वळली आणि तेवढ्यात वानरांनी उडी घातली. चिंचेखाली पिशव्यांच्या चिंध्या होत्या. चपात्या फांद्यांवर, चटणी मातीत. एक मोठं वानर भिंतीवर बसून लाडू खात होतं, अगदी सावकाश, घरचं असल्यासारखं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं आपण म्हणतो. तो मारुती त्या दिवशी माझ्यासमोर वीस-पंचवीस संख्येनं बसला होता.

रोहिणी ताडपत्रीवर बसली आणि डबे गोळा करायला लागली. झाकणं शोधून ज्याची त्याला लावायची. रिकाम्या डब्यांनाही लावत होती.

सहल उतरली. चाळीसएक भुकेली मुलं आणि त्यांचे मुख्याध्यापक. पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्याला मफलर. मुलांनी ओरडा केला. "हिला कामून ठेवलं हितं?" एक मुलगी म्हणाली. सरांनी तिला गप्प केलं. मी पेरूवालीची अख्खी पाटी घेतली आणि मुलांत वाटली, सगळा दोष माझा म्हणून सांगू लागले. पण सर कुणावर रागवायला तयारच नव्हते. त्यांनी रोहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे बेटा. माझंच चुकलं. तुझ्यावर टाकायलाच नको होतं." मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बघा ना मॅडम. हिला वैजापूर कसं जमायचं? लेकरू हाल काढील. मी घरूनच शिक्षणाचं लिहून देतो."

रोहिणी रडली नाही. तिनं माझी पिशवी ढिगातून ओढून काढली. तिला वानरांनी हात लावला नव्हता. ती माझ्या पुढ्यात ठेवून तिनं तोंड फिरवलं.

वैजापूरच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर वेरूळची गाडी लागलेली होती. मी वैजापूरच्या गाडीत बसले. वाटेत काळी जमीन, कापसाची शेवटची वेचणी, कांद्याच्या हिरव्या वाफ्यांची शेतं, आणि कुठंही डोळ्याला अडेल असं काही नाही. आमच्याकडं दर वळणाला डोंगर आडवा येतो, माणसाला आडोसा असतो. इथं आपण आहोत तेवढेच, लांबून दिसतो. फाट्यावर उतरले. आत जायला दूधवाल्याची मोटारसायकल मिळाली. कॅलिपरचा पाय वाकत नसल्यानं मी तो आडवा धरून बसले होते आणि वाटेतल्या प्रत्येक बाभळीला आम्ही वळसा घातला. कांद्याला पाणी सोडलेलं, ते वाटेवर आलं होतं. दूधवाल्यानं चिखलातून गाडी ढकलली, मला खाली न उतरवता.

शाळेत सर भेटले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण खुर्ची आधी दिली. रोहिणी आली नव्हती. "मीच निरोप धाडला," सर म्हणाले. "काल दमली असंल. शिवाय चिखल आहे." टेबलावर हजेरीपुस्तक उघडं होतं. मी वाचनालयात आयुष्य काढलंय, रकाने माझ्या डोळ्यांत आपोआप शिरतात. रोहिणीच्या नावापुढं त्या दिवसाची हजेरी लागलेली होती.

"ती आली नाही म्हणालात ना?"

"तिची मी लावतोच," सर म्हणाले, जरा लाजून, चांगलं काम उघडकीला आल्यासारखे. "पावसाळ्यात तर ती दोन-दोन महिने येत नाही. बिचारीचा खाडा कशाला मांडायचा? एवढं तर आपण करू शकतो. आमच्या शाळेत तिला कुणी वावगं बोलत नाही, मॅडम. सगळे जीव लावतात."

ते खरं होतं. मला त्यांचा राग येईना, आणि राग येत नव्हता म्हणून मला जास्त त्रास झाला.

मधल्या सुट्टीत सर मला तिच्या घरी घेऊन गेले. घर जवळच होतं, वाट निम्मी चिखलाची. वडील अंगणात कांद्याची रोपं निवडत होते, आई चुलीपुढं. रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "कशाला आल्या?"

"असं बोलत्यात व्हय पाव्हण्यांना?" आई म्हणाली, आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. बाजरीची गरम भाकरी, येसर आमटी, वांग्याची भाजी. मला नको म्हणायची सोय नव्हती. त्या घरात ते विचारलंच गेलं नाही. मी एक घास घेतला आणि ज्यासाठी आले होते ते बोलून टाकलं.

"सर, काल रोहिणीची काही चूक नव्हती. ती येत नव्हती. डबे सोडून येणार नाही म्हणत होती. मी हट्ट केला आणि तिला हाताला धरून नेलं."

हे खोटं मी रात्री जुळवलं होतं आणि बसमध्ये दोनदा म्हणून बघितलं होतं.

सरांचा चेहरा खुलला. "असं आहे होय? मग पोरगी भरवशाची आहे तर. मला तेच वाटलं होतं." ते वडिलांकडं वळले. "मग वैजापूरला घालायला हरकत नाही. काय म्हणता?"

"सर म्हणतील तसं," वडील म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं?"

काम झालं होतं. मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

"नाय सर," रोहिणी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"बाई खोटं बोलायल्यात. त्यांनी राहू दे म्हणलं होतं. मीच पेरूवाल्या मावशीला सांगितलं अन् मीच गेले. मला मिनार बघायचा होता."

"गप की गं!" आई म्हणाली. "झालं होतं ना सगळं?"

मलाही उठून त्या पोरीच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं. वडील रोपांकडं बघत राहिले. सरांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"वानरं येत्यात हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"सगळ्यांची भूक तुझ्यावर होती, ते?"

"व्हय."

"तरी गेलीस?"

"डबा रोजच असतो सर. मिनार रोज नसतो."

मग सरांनी विचारलं, "दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी काय केलं असतं?"

"लई बोलला असता. छडीबी दाखवली असती."

"मग काल मी तुला का नाही बोललो?"

रोहिणीनं आपल्या पायांकडं बघितलं. "हे असे हायेत म्हणून."

सरांचे कान लाल झाले होते. खोकल्यासारखं करून ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज वर्गातला होता:

"उद्या शाळेत यायचं. वर्गापुढं उभं राहून सगळ्यांना सांगायचं, की तुमचे डबे माझ्यामुळं गेले. पोरं बोलतील. ऐकून घ्यायचं."

"व्हय सर."

"वैजापूरचा अर्ज मी लिहितो. तिथं फुकट हजेरी कुणी लावणार नाही. म्हणून इथं पण उद्यापासून, आलीस तर हजेरी. नाही आलीस तर खाडा मांडणार."

"सर, लेकराला कशाला..." आई म्हणाली.

रोहिणीचा चेहरा घाबरा झाला. "पण कांद्याला पाणी सोडलंय सर. वाटंवर चिखल हाय."

"चिखल सगळ्यांनाच आहे," सर म्हणाले, आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठले.

आई पदर डोळ्याला लावून बसली. वडील म्हणाले, "सर लई कडक झाले आज." रोहिणी माझ्याकडं बघत होती, अजून रागानंच, पण तो राग मला आता लागत नव्हता. मग ती सरकत सरकत वॉकरपाशी गेली आणि त्याच्या पायांचे रबर निघालेत का ते एकेक करून बघायला लागली, उद्याच्या चिखलासाठी. मी तिथं ताटावर बसून, चौपन्न वर्षांची बाई, त्या बारा वर्षांच्या पोरीचा हेवा करत होते.

आता घरी येऊन पंधरा दिवस झालेत. हेवा अजून गेला नाही. माझ्या शाळेत सगळे फार चांगले होते. कॉलेजातही. वाचनालयातले तर विचारायलाच नको. पावसात येऊ नका म्हणतात, सभेला नसलात तरी चालेल म्हणतात, सहलीच्या यादीत माझं नाव घालून वर मला सांगतात की यायलाच पाहिजे असं काही नाही. शाळेपासून आजपर्यंतच्या सगळ्या वह्या काढून बघितल्या तर माझी हजेरी पूर्ण निघेल. माझा खाडा कुणी कधी मांडलेलाच नाही.